तिरुभुवनम् : सुई टोचून घेण्याआधी

एनसीसीच्या पोस्टिंगला आपल्याकडे 'आरामाची पोस्टिंग' म्हणतात. म्हणणाऱ्याने एप्रिलच्या उन्हात दोनशे पोरांना 'दाहिने मुड' शिकवलेलं नसतं. मी पीआय स्टाफ म्हणून कावेरीच्या खोऱ्यात आलो आणि भाड्याची खोली मिळाली ती तिरुभुवनम् मध्ये. कुंभकोणमहून मायिलाडुतुरैच्या रस्त्याला लागलं की आठेक किलोमीटरवर हे गाव लागतं. नाव मोठं, गाव लहान. पण इथली रेशमी साडी साऱ्या तमिळनाडूत लग्नाच्या यादीत असते. 2019 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पहाटे पाचला उठलो की बाजूच्या घरातून मागाचा खट-खट आवाज सुरू झालेला असतो. येवल्याला पैठणीचे माग पाहिलेत ना, तसाच इथलाही खड्डामाग. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात, पायाखाली पावड्या, हातात धोटा. दिवसाचे आठ-दहा तास कंबर त्याच बाकात.

गावाच्या मधोमध तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेलं मोठं देऊळ आहे. देवाचं नाव कंपहरेश्वर, म्हणजे कंप हरण करणारा. एका राजाला ब्रह्महत्येच्या भीतीने सुटलेलं कापरं इथे थांबलं, अशी कथा सांगतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पुजाऱ्याने विचारलं, "काय त्रास?" मी म्हटलं, "कंप नाही स्वामी, कंबर." तो हसला. कंबरेचा देव वेगळा असावा.

ही कंबर जुनी आहे. उंचावरच्या दोन टेन्युअर, पाठीवर भरलेला पिठ्ठू, आणि एकदा बर्फावरून घसरून बसलेला दणका. मिलिटरी हॉस्पिटलच्या एमआरआयमध्ये खालच्या दोन मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आलेली दिसली. ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम करा, चालत राहा, वजन उचलू नका, असं सांगून मला लो मेडिकल कॅटेगरीत टाकलं. आता सहा महिन्यांनी पुन्हा बोर्ड होता. दोन वर्षांची एक्स्टेन्शन मिळणार की पेन्शनचे कागद भरायचे, हे बऱ्याच अंशी त्या बोर्डावर. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यामुळे कंबरेचा प्रश्न माझ्या एकट्याच्या कंबरेपुरता नव्हता.

ॲक्युपंक्चरचं नाव इथे दर दुसऱ्या माणसाच्या तोंडी आहे. मी आधी आमच्या डॉक्टरसाहेबांना फोन केला. सेवेत असलेल्या जवानाने बाहेरचा कुठलाही उपचार मेडिकल ऑफिसरला सांगूनच करावा, हे तरुण वाचकांसाठी मुद्दाम लिहितो. साहेब म्हणाले, "करून बघ. पण शिकलेल्या, नोंदणी असलेल्या माणसाकडेच जा, एमआरआय सोबत ने, आणि व्यायाम एक दिवसही चुकवू नकोस." मग चौकशी करून कुंभकोणममधल्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता काढला. त्या बीएनवायएस, म्हणजे निसर्गोपचार आणि योग या विषयाची साडेपाच वर्षांची पदवी घेतलेल्या. ॲक्युपंक्चर त्या अभ्यासक्रमातच असतं.

सोबत शेजारचे विणकर अण्णाही निघाले. वय साठीच्या आसपास, उजवा खांदा वर्षभर धरलेला. ते सौराष्ट्री समाजाचे. त्यांची घरातली बोली कानावर पडली की मधूनच एखादा शब्द आपल्या मराठीचा वाटतो आणि मी वळून बघतो. त्यांचा खांदा थांबला की माग थांबतो आणि माग थांबला की चूल. म्हणजे बाकावर शेजारी बसलेल्या आम्हा दोघांचंही पोट एकेका सांध्यावर अवलंबून होतं.

आता पहिल्या भेटीत काय होतं ते नीट सांगतो, कारण मला फोन करणारे निम्मे जुने साथी हेच विचारतात.

पहिली गोष्ट, सुई लगेच येत नाही. बाईंनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. दुखणं कधीपासून, सकाळी जास्त की संध्याकाळी, पायात मुंग्या येतात का, झोप कशी, पोट कसं, कुठल्या गोळ्या चालू. मग जीभ पाहिली, दोन्ही हातांची नाडी पाहिली. तेवढ्यावर न थांबता पाय सरळ उचलून पाहिला, अंगठ्याची ताकद पाहिली आणि एमआरआयचा कागद वाचला. एक प्रश्न त्यांनी दोनदा विचारला : लघवी-संडासवरचा ताबा कधी सुटलाय का, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आहे का? तसं असेल तर सुया नाहीत, थेट मोठं हॉस्पिटल. पाय लुळा पडत चालला असेल, दुखण्याबरोबर ताप असेल, कारण नसताना वजन घटत असेल तरीही तेच. हे न विचारता जो सुया काढतो, त्याच्या बाकावरून उठून यावं.

दुसरी गोष्ट, सांगायच्या बाबी लपवू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, पेसमेकर असेल, साखर असेल, बाई गरोदर असेल, पूर्वी इंजेक्शनला चक्कर आली असेल, तर आधी सांगा. पेसमेकरवाल्याला सुयांना वीज जोडायची पद्धत चालत नाही, आणि गरोदरपणात काही बिंदू टाळतात.

तिसरी गोष्ट, सुई. आपल्या डोळ्यासमोर असते ती टीएची किंवा पेनिसिलिनची सुई. ती पोकळ असते, कारण तिच्यातून औषध जायचं असतं, आणि जाडी साधारण अर्धा मिलिमीटर किंवा जास्त. ॲक्युपंक्चरची सुई भरीव, पाव मिलिमीटरच्या आसपास, आणि टोचतानाच लवते. तिच्यातून औषध वगैरे काही जात नाही. एकदाच वापरायची निर्जंतुक सुई बंद पाकिटात येते. ते पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे आणि काम झाल्यावर सुई डब्यात टाकली पाहिजे. रायफल हातात घेतली की आपण आधी चेंबर बघतो. इथे पाकीट बघायचं.

मला पालथं झोपवलं. लुंगी नेसून गेलो होतो, ते बरं झालं. गुडघ्याच्या मागचा भाग, घोटा, कंबर उघडी करावी लागते. एकूण दहा सुया. टोचताना मुंगी चावल्यासारखं, काही तर कळल्याही नाहीत. खरी गंमत पुढे. बाई सुई जराशी फिरवतात तेव्हा आत एक जडपणा येतो, कुणीतरी अंगठ्याने खोल दाबून धरल्यासारखा. चिनी वैद्य त्याला 'द-छी' म्हणतात, ऊर्जा आली असं मानतात. बाईंनी विचारलं, "वलिक्कुदा?" म्हणजे दुखतंय का? मी म्हटलं, दुखत नाही, जड वाटतंय. त्या म्हणाल्या, तेवढंच हवं. पण पायात वीज चमकल्यासारखी कळ गेली, तर 'जवान सहन करतो' हा बाणा घरी ठेवा आणि लगेच सांगा. सुई थोडी मागे घेतात आणि कळ थांबते. सहन करण्याबद्दल इथे पदक मिळत नाही.

मग वीस-पंचवीस मिनिटं हलायचं नाही. पंख्याचा आवाज, बाहेर बसचा हॉर्न, आणि मी चक्क घोरलो. हे अनेकांचं होतं. सुया काढल्यावर ताडकन उठू नका. आधी कुशीवर, मग बसायचं, मग उभं राहायचं. उपाशीपोटी जाऊ नये, आणि पोट तट्ट भरूनही नाही. त्या दिवशी एक तरुण कॅडेटच्या वयाचा मुलगा काहीही न खाता आला होता, पहिल्या सुईलाच पांढरा पडला. बाईंनी सुया काढल्या, पाय उंच केले, पाच मिनिटांत सावरला. घाबरण्यासारखं नाही, पण टाळता येतं. एखाद-दुसरा रक्ताचा थेंब, छोटा काळा-निळा डाग, त्या दिवशी थकवा, दुसऱ्या दिवशी दुखणं किंचित जास्त, हे सगळं होऊ शकतं. गंभीर इजा फार विरळा, पण होते. छातीवर किंवा पाठीच्या वरच्या भागात सुई चुकून खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. म्हणून शिकलेला हात हवा. सुया झाल्यावर धाप लागली किंवा छातीत दुखलं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

आता महत्त्वाचा प्रश्न : याने बरं वाटतं का?

फौजीला गोल-गोल उत्तर आवडत नाही, पण इथे खरं उत्तर थोडं गोल आहे. 2018 साली जुन्या दुखण्यांवरच्या 39 चाचण्यांचा, सुमारे 21 हजार रुग्णांचा एकत्र हिशोब प्रसिद्ध झाला. पाठ, मान, गुडघा, खांदा, डोकेदुखी. ज्यांना सुया मिळाल्या त्यांना सुया न मिळालेल्यांपेक्षा बराच आराम पडला. पण लुटुपुटीच्या सुया, म्हणजे चुकीच्या जागी किंवा नुसत्या टेकवलेल्या, ज्यांना मिळाल्या, त्यांच्याशी तुलना केली तर फरक छोटा राहिला. होता, पण छोटा. म्हणजे आरामातला काही वाटा सुईचा, आणि बराचसा स्वस्थ पडून राहण्याचा, कुणीतरी अर्धा तास आपलं ऐकून घेण्याचा, विश्वासाचा. म्हणूनच मोठ्या संस्थांचंही एकमत नाही. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका म्हटलं. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने 2017 मध्ये जुन्या कंबरदुखीला गोळ्यांआधी करून बघायच्या उपायांत त्याला जागा दिली.

सुईने आत काय होतं यावरही दोन भाषा आहेत. जुनी भाषा 'छी' आणि तिच्या वाटांची. नवी भाषा सांगते की सुईने मज्जातंतू चाळवतात आणि शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतं. मी दोन्ही ऐकून घेतो. पण बाहेर आलेली मणक्यातली गादी सुई आत ढकलत नाही, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी दुखणं कमी करायचा प्रयत्न करीन. कमी झालं की तुम्ही व्यायाम नीट कराल. कंबर व्यायामाने सुधारेल." या एका वाक्यावर माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

किती वेळा जायचं? एका सुईत चमत्कार होत नाही आणि वर्षभर सुया घेत राहणंही शहाणपणाचं नाही. अमेरिकेच्या सरकारी विमा योजनेने, मेडिकेअरने, जानेवारी 2020 पासून जुन्या कंबरदुखीसाठी ठेवलेला नियम मला पटतो : 90 दिवसांत 12 वेळा, फरक पडला तरच आणखी 8, वर्षाला 20 च्या वर नाही, आणि फरक पडत नसेल तर बंद. आमच्या बाईंचा हिशोब त्याहून कडक. सहा बैठका, मग वही उघडायची.

ही वही म्हणजे रोजची नोंद. दुखणं शून्य ते दहा किती, किती मिनिटं उभा राहिलो, रात्री किती वेळा जाग आली. वहीचा विषय निघाला की मला तंजावर आठवतं. इथून ते फार लांब नाही, आणि मराठी माणसाने तिथे जाऊन सरस्वती महाल पाहिल्याशिवाय परतू नये. आपले सरफोजी राजे दुसरे, 1798 ते 1832 गादीवर होते, त्यांनी धन्वंतरी महाल उभारला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि इंग्रजी वैद्यक जाणणारे एकत्र काम करत. डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं तर चित्रांसह ठेवलेली आहेत. उपचार कुठल्या देशाचा हे न बघता त्याने रुग्णाचं काय झालं ते लिहून ठेवायचं, ही शिस्त दोनशे वर्षांपूर्वी एका भोसल्यांच्या राजाने याच खोऱ्यात दाखवली. आपल्याला एक दहा रुपयांची वही ठेवायला काय हरकत?

ॲक्युपंक्चर भारतात आलं त्या वाटेवरही एक मराठी पाऊल आहे. 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीस सर्जन. आठव्या रूट आर्मीच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच गेले. व्ही. शांतारामांच्या सिनेमामुळे ते आपल्याला ठाऊक आहेत. पण त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बी. के. बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि 1959 मध्ये त्यांनी ती भारतात सुरू केली. म्हणजे लढाईतल्या जखमींसाठी गेलेल्या डॉक्टरांच्या मैत्रीतून ही सुई आपल्याकडे आली. पुढे अमेरिकेच्या हवाई दलातले डॉक्टर कर्नल निमत्झो यांनी 2001 मध्ये कानाच्या पाच बिंदूंवर छोट्या सुया लावायची पद्धत बसवली. तिला 'बॅटलफील्ड ॲक्युपंक्चर' म्हणतात आणि तिकडच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांत ती वापरली जाते. नाव जबरदस्त आहे, पण तीही दुखणं हलकं करण्यापुरतीच.

आता अण्णांचं सांगतो. सहा बैठका झाल्या. माझ्या वहीत सात-आठचा आकडा चार-पाचवर आला होता. अण्णांच्या वहीत, त्यांची मुलगी लिहायची, आठाचा आठच. बाईंनी वही पाहिली, हात वर उचलायला सांगितला, आणि म्हणाल्या, "आता सुया बंद. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा." तपासणीत खांद्याचा स्नायुबंध फाटलेला निघाला. बाईंना आणखी सहा बैठकांचे पैसे सहज घेता आले असते. अण्णा माणूस असा की, त्यांनी दिलेही असते. चांगला वैद्य ओळखायचा तो इथे : 'आता माझ्याकडे येऊ नका' हे तो सांगू शकतो का?

कारण याच गल्लीत दुसरा प्रकारही पाहिला. तमिळनाडूत सुई न टोचता नुसतं बोटाने एका बिंदूला स्पर्श करून उपचार करणारे बरेच आहेत. स्पर्शाने कुणाला बरं वाटत असेल तर मला काही म्हणायचं नाही. पण अण्णांच्या घरच्या अम्मांना अशा एकाने सांगितलं होतं की साखरेच्या गोळ्या हेच विष आहे, त्या बंद करा, शरीर आपोआप सावरेल. अम्मांनी तीन आठवडे गोळ्या खाल्ल्या नाहीत. पायाच्या अंगठ्याला खिळ्याची साधी जखम झाली होती, ती भरेना, काळी पडू लागली. आमच्या बाईंनी अण्णांच्या सोबत आलेल्या अम्मांचा लंगडता पाय पाहिला, जागेवर साखर तपासली आणि त्याच रिक्षाने त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवलं. अंगठा वाचला. थोडा उशीर झाला असता तर वाचला नसता, हे तिथल्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. अम्मा आता गोळ्यांचा डबा देवघरात ठेवतात, म्हणजे रोज सकाळी हात जातोच. 2024 मध्ये केरळात घरीच बाळंतपण करताना आई आणि बाळ दोघंही गेले आणि ॲक्युपंक्चर करणाऱ्याला अटक झाली, ती बातमी तुम्ही वाचली असेल. सुईचा दोष नाही. सुईकडून जे होणार नाही ते तिच्या नावावर विकणाऱ्याचा दोष आहे. साखर, रक्तदाब, फिट, थायरॉइड, हृदय यांच्या गोळ्या ज्याने लिहून दिल्या त्यानेच बंद करायच्या. दुसऱ्या कुणाच्या हुकुमावर नाही.

आपल्या महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी आहे. तेव्हा गावाकडे कुणाकडे जाणार असाल तर नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. संत्रीसुद्धा ओळखपत्र बघितल्याशिवाय जनरलला आत सोडत नाही. मग खर्च किती, बैठका किती, फरक पडला नाही तर पुढे काय, हे तीन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. तिसऱ्याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडे कंबर देऊ नका.

माझं पुढे काय झालं? दहा बैठकांनंतर मी थांबलो. दुखणं गेलेलं नाही, तीन-चारवर बसलंय. पण पूर्वी वीस मिनिटांत बसावं लागायचं, आता तासभराची परेड उभ्याने घेतो. रोजचे पाऊण तासाचे व्यायाम चालू आहेत, पहाटे, शेजारच्या मागाच्या तालावर. बोर्डाने कॅटेगरी एक पायरी वर आणली. एक्स्टेन्शनचा कागद अजून वर फिरतो आहे. अण्णांच्या खांद्यावर फिजिओथेरपी चालू आहे. माग सध्या मुलगी चालवते आणि अण्णा बाजूला बसून तिच्या चुका काढतात. तिच्या पाठीमागे आता एक उशी असते आणि दर तासाला तिला उठवायचं काम अण्णांनी स्वतःकडे घेतलं आहे.

तुमच्यापैकी कुणी सुया घेतल्या असतील तर अनुभव कळवा, बरा असो की वाईट. आणि जाणार असाल तर रिपोर्टची फाईल, चालू गोळ्यांची यादी आणि एक वही घेऊन जा. पोटात चार घास असू द्या.

जय हिंद.